टँडम सायकल : मागे बसणाऱ्याने आयुष्यात कधी सायकल चालवलेली नसेल तर? (बडोदा)

सकाळची_राईड

नमस्कार मंडळी, बडोद्यात कोणी टँडम चालवतं का? म्हणजे दोन सीटची, दोघांनी पेडल मारायची सायकल. एकांकडे वापरलेली मिळतेय, स्टीलची फ्रेम, गिअरवाली, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, बघून आले आणि आवडली. प्रश्न सायकलचा नाहीये, मागच्या सीटवरच्या माणसाचा आहे. मी बरीच वर्षं सायकल चालवते, सिंधरोट, आजवा, थंडीत पावागढच्या पायथ्यापर्यंत, आणि नवऱ्याने आजवर सायकलवर टांग टाकलेली नाही. तो लहान असताना त्याच्या मोठ्या भावाला सायकलवर मोठा अपघात झाला, त्यानंतर घरात सायकल आलीच नाही, मग स्कूटरही नाही, रिक्षा नाहीतर गाडी. आता चाळिशी उलटल्यावर तोच म्हणतोय की रविवारी तू जातेस तिकडे मलाही यायचंय. मला हे मनापासून हवंय, म्हणूनच घाई नकोय, कारण पहिल्याच दिवशी हबकला तर परत बसणार नाही हे मला माहितीये.

दोन गोष्टी विचारायच्यात. मी ५४ किलो, तो ७८. पुढे मीच असणार, दुसरा पर्याय नाही, तर हे झेपतं का? आणि त्याला आधी साधी सायकल शिकवावी की सरळ मागे बसवावं?

गोत्री_रोड

आधी साधी शिकवा. महिनाभर लागेल फार तर. ज्याला सायकल म्हणजे काय तेच माहीत नाही त्याला ट्रॅफिकमध्ये मागे बसवणं मला बरोबर वाटत नाही, भीती दुप्पट होईल.

ताणलेली_चेन

ताई, सरळ मागे बसवा. साधी सायकल शिकायची म्हणजे मुख्यतः तोल शिकायचा, आणि टँडमवर मागच्याला तोल सांभाळायचाच नसतो. त्याचं हँडल पुढच्याच्या सीटच्या दांड्याला घट्ट बसवलेलं असतं, ते वळत नाही. त्याला कामं दोनच, पाय फिरवायचे आणि अंग स्थिर ठेवायचं. माझ्या मागे जे बसले त्यात पक्के सायकलवाले जास्त जड जातात, वळण आलं की हँडल वळवायला बघतात, बोटं ब्रेक शोधतात, पुढचं दिसत नाही म्हणून खांद्यावरून वाकून बघतात आणि ते वाकले की सायकल वाकते. नव्या माणसाला ह्या सवयीच नसतात, तो सांगाल तसं बसतो.

वजनाचा फरक चालताना फारसा कळत नाही, थांबताना आणि निघताना कळतो. थांबलेली टँडम पुढच्याने एकट्याने धरायची असते, मागचा पाय खाली टेकवत नाही, सिग्नलला सुद्धा तो सीटवरच, दोन्ही पाय पेडलवर. ७८ किलोचा माणूस वर बसलाय आणि त्याने ओळखीचं कोणी दिसलं म्हणून झटकन मागे वळून हात केला तर खाली उभ्या ५४ किलोच्या माणसाला ते आवरणं अवघड आहे. स्थिर बसला तर काही अडचण नाही.

निघायची पद्धत नीट सांगतो कारण घोळ इथेच होतात. तुम्ही आधी चढायचं, आणि टांग मागून फिरवायची नाही, मागे त्यांचं तोंड आहे, पाय पुढच्या बाजूने दांडीवरून घ्यायचा. मग दांडी दोन पायांत धरून, पाय नेहमीपेक्षा बरेच फाकवून जमिनीवर घट्ट, आणि दोन्ही ब्रेक दाबून उभं राहायचं. पाय फाकवायचे कारण मागचे पेडल फिरवले की तुमचेही फिरतात आणि सरळ नडगीवर बसतात. आता ते चढतील, सीटवर बसतील, दोन्ही पाय पेडलवर ठेवतील. ह्या वेळी सायकल डगमगेल, ती तुम्ही डगमगू द्यायची नाही, बास. मग त्यांना सांगायचं की पेडल उलटं फिरवून माझं उजवं वर आणा, ते आलं की तुमचा एक पाय त्यावर, "एक दोन तीन, चल", ब्रेक सोडायचे आणि दोघांनी एकदम दाबायचं. ते दाबत असतात म्हणून तुम्हाला सीटवर बसायला आणि दुसरा पाय पेडलवर घ्यायला वेळ मिळतो. दोघांनी एक एक पाय जमिनीवर ठेवून साध्या सायकलसारखं निघायचा प्रयत्न बरेच लोक करतात, आणि नवीन माणूस असेल तर तिथेच पडतात.

आणि मागची सीट. साधी सायकल शिकणाऱ्याची सीट आपण खाली ठेवतो, पाय टेकले पाहिजेत म्हणून. इथे त्यांचे पाय टेकायचेच नाहीत, त्यामुळे सीट पहिल्या दिवसापासून योग्य उंचीला ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला. खालच्या सीटवर नव्या माणसाचे गुडघे दुखतात आणि त्याला वाटतं सायकल म्हणजे असंच असतं.

गोत्री_रोड

मागचं हँडल वळत नाही हे मला माहीत नव्हतं. मग माझा सल्ला मागे घेतो. तरी ट्रॅफिकबद्दल म्हणतोय ते लक्षात घ्या.

सिंधरोट_सहा_वाजता

ट्रॅफिकच्या मुद्द्याला +१. आपलं शहर सपाट आहे ही टँडमला फार मोठी सोय, पण जागा निवडून घ्या. सुरुवातीला नवलखी ग्राउंड, रिकामं असेल तेव्हा (गणपतीत नको, तिथे विसर्जनाचा तलाव केलेला असतो). निघणं, थांबणं, मोठा गोल वळसा, एवढंच करत राहा. टँडम लांब असते, जागच्या जागी वळत नाही, मागचं चाक आतून कापत येतं, म्हणून वळण नेहमीपेक्षा बाहेरून घ्यायची सवय मोकळ्या मैदानातच लागते. मग पहाटे अकोटा-दांडिया बाजार पूल, तोच सोलर पॅनलवाला. चढ अगदी हलका आहे पण दोघांचे पाय कुठे जुळत नाहीत ते तिथे लगेच कळतं. त्यानंतर सेवासीवरून सिंधरोट. रावपुरा, मांडवी, न्यायमंदिरच्या बाजूला टँडम घेऊन जाऊच नका निदान पहिले काही महिने, तिथे दर दहा फुटांवर थांबावं लागतं आणि थांबणं-निघणं हेच नव्या जोडीला सगळ्यात कठीण.

मांडवीचा_माणूस

वा, टँडमवर धागा बघून बरं वाटलं. माझं वय पासष्ट, आमच्या आळीत मी एकटाच ह्या वेडाचा. एकेकाळी ऑलिंपिकमध्ये टँडमची वेगळी शर्यत असायची, १९०८ ला होती आणि मग १९२० पासून १९७२ पर्यंत, ट्रॅकवर दोघे दोघे, अफाट वेगाने.

वापरलेली सायकल घेताय तर मागचं चाक आधी बघा, तारा मोजा. साध्या सायकलला ३२ चालतात, टँडमवर दोन माणसांचं वजन, ३६ किंवा ४० असलेल्या बऱ्या. सगळ्या तारा बोटाने वाजवून बघा, एखादी ढिली बोलली तर आधी ताणून घ्या. मग दोघांना जोडणारी चेन. बहुतेक टँडमवर ती डाव्या बाजूला असते आणि चाकाकडे जाणारी नेहमीसारखी उजवीकडे. डावी ढिली असेल तर पुढच्या पेडलचा मधला डबा फिरवून ती ताणता येते, तो डबा मुद्दाम एका बाजूला सरकलेला बनवतात. ही चेन चालताना उतरली तर पुढच्याचे पाय एकदम हवेत फिरतात आणि मागचा मात्र सायकल ओढत असतो, कारण चाकाची चेन त्याच्याकडे आहे. भाऊजींना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे झालंच तर "पाय थांबव" म्हटल्यावर थांबवतील.

आणि चेन दोन बाजूंना आहे म्हणजे पायजम्याच्या दोन्ही कडा धोक्यात! साध्या सायकलवर आपण उजवा पाय बांधतो, इथे दोन्ही बांधायचे. बुटाची नाडीसुद्धा आत खोचायची, मागच्याच्या पायात नाडी गुंडाळत गेली तर त्याला पाय सोडवता येत नाही आणि पुढच्याला कळतही नाही.

दांडिया_बाजार_पोरगी

काका, ओढणीचं पण लिहा! आईला मागे बसवून मी सोसायटीत फेऱ्या मारते, ओढणी घरी ठेवल्याशिवाय सायकलला हात लावू देत नाही. आई सलवारवर जाड मोजे चढवते, तेही चालतं.

इंदूरचे_पोहे

मी इंदूरचा, पण धागा वाचून राहवलं नाही. माझा मित्र पूर्ण दृष्टिहीन आहे, आम्ही दोघे टँडम चालवतो, सुपर कॉरिडॉरला सकाळी. ताई, तुमच्या नवऱ्याला दिसतं, पण मागच्या सीटवर बसल्यावर समोर तुमची पाठच दिसणार आहे, रस्ता नाही. म्हणजे माझ्या मित्राच्या जागी ते थोडेफार असणारच. त्यामुळे मी जे त्याच्याकडून शिकलो ते तुम्हालाही लागू होईल असं वाटतं.

बोला. सतत बोला. खड्डा आहे तर "खड्डा", ब्रेकर तर "ब्रेकर", गिअर बदलताय तर "गिअर", म्हणजे मागचा पायाचा जोर क्षणभर कमी करतो. पाय थांबवायचे असतील तर थांबवण्याच्या आधी सांगा, कारण दोघांचे पेडल एकाच चेनने जोडलेले आहेत, तुम्ही न सांगता थांबलात तर मागच्याच्या पायांना एकदम झटका बसतो. मागचा माणूस धक्क्याची तयारी डोळ्यांनी करू शकत नाही, कानांनीच करतो. आपण ब्रेकरवर आपोआप पेडलवर वजन घेऊन ढुंगण उचलतो ना, त्याला कोणी सांगितलंच नाही तर सगळा धक्का मणक्याला. मित्राने मला एकदा स्पष्ट सांगितलं की तू दहा शब्द जास्त बोललास तरी मला त्रास नाही, एक कमी बोललास तर आहे.

पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिहीन सायकलपटू असेच मागे असतात, पुढे दिसणारा पायलट, आणि पदक दोघांनाही मिळतं. आपल्याकडे पुण्याच्या अ‍ॅडव्हेंचर्स बियाँड बॅरिअर्स फाउंडेशनने दृष्टिहीन आणि दिसणाऱ्या लोकांच्या जोड्या टँडमवर मनालीहून खारदुंगलाला नेल्या, पाच हजार मीटरच्या वर. मागच्या सीटला कमी लेखू नका एवढंच सांगायचंय.

सकाळची_राईड

सगळ्यांचे खूप आभार. सायकल घेतली! मागच्या चाकाला ४० तारा आहेत, दोन ढिल्या होत्या, ताणून घेतल्या.

नवलखीला गेलो होतो. पहिला अर्धा तास आम्ही हललोच नाही. मी ब्रेक दाबून पाय फाकवून उभी, तो वर चढतोय, बसतोय, परत उतरतोय, असं कितीतरी वेळा, त्याला जोवर कळलं नाही की तो वर बसला तरी सायकल पडत नाहीये. पहिल्यांदा तो चढला तेव्हा मला दोन्ही मांड्यांत इतका ताण आला की वाटलं नाही जमणार. नंतर लक्षात आलं की तो घाबरून वरच्या अंगाने डावीकडे झुकत होता. "नाक माझ्या पाठीच्या मधोमध ठेव" असं सांगितलं आणि वजन एकदम अर्ध्यावर आल्यासारखं वाटलं. ज्यांच्या घरी पुढचा हलका आणि मागचा जड आहे त्यांनी हे वाक्य करून बघा.

निघालो, चाललो, थांबलो. वळणावर तो श्वास रोखतो, मला मागून ऐकू येतं. म्हणून मी वळणाच्या आधी "उजवीकडे मोठं वळण, पाय चालू ठेव" असं म्हणायला लागले. पाय चालू असले की त्याला भीती कमी वाटते, नुसतं बसून वळायचं म्हटलं की तो कडक होतो.

अडचण एकच उरलीये, पायांचा वेग. मला हलक्या गिअरमध्ये भराभर पाय फिरवायची सवय, मिनिटाला ८५-९०, त्याला ते पळवल्यासारखं वाटतं. त्याला जड गिअर हवा, हळू हळू दाबायला. कोणाचं खरं करायचं?

ताणलेली_चेन

मधलं. ७० च्या आसपास या. त्यांचं पूर्ण ऐकलंत तर जड गिअरमध्ये दोघांचे गुडघे जातील आणि निघताना सायकल उचलणार नाही, तुमचं पूर्ण ऐकलंत तर त्यांचे पाय पेडलवरून निसटतील. पाय निसटला तर काय हेही आधीच ठरवून ठेवा. त्यांनी फक्त "पाय!" ओरडायचं, तुम्ही लगेच पेडल थांबवायचं आणि त्यांनी "झालं" म्हणेपर्यंत सुरू करायचं नाही. तुम्ही फिरवत राहिलात तर मोकळं पेडल त्यांच्या पोटरीवर आदळत राहणार. पेडल साधे, रुंद, खरखरीत ठेवा, बुटाला अडकणारे इतक्यात नकोत.

दर दहा-पंधरा मिनिटांनी "उठू या" म्हणून दोघांनी पाय थांबवून सीटवरून थोडं वर उठायचं. पुढचा ब्रेकर-खड्ड्यांवर आपोआप उठत असतो म्हणून त्याला कळत नाही, मागचा मात्र तासभर दगडासारखा बसून राहतो, आणि मग बसायची जागा दुखते म्हणून पुढच्या रविवारी येत नाही.

मागच्या_सीटवरून

नमस्कार. मीच तो नवरा. बायकोने धागा दाखवला, सगळा वाचला, आणि मागच्या बाजूचं कोणीतरी लिहावं असं वाटलं.

मला आजवर माहीतच नव्हतं की सायकल चालताना पायाखाली जमीन नसते. हे ज्यांना लहानपणापासून येतं त्यांना हास्यास्पद वाटेल, पण पहिल्यांदा दोन्ही पाय वर घेतले तेव्हा मला पोटात जे झालं ते मी आयुष्यात कधी अनुभवलं नव्हतं. दादाचं हॉस्पिटल डोळ्यांपुढे आलं. मी तिला थांब म्हणालो आणि ती थांबली, का म्हणून विचारलं नाही, चल म्हणून आग्रह केला नाही. तशी थांबली म्हणून मी पुन्हा चढलो. पुढे बसणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे, मागच्याने थांब म्हटलं की थांबा, कारण विचारायला वेळ नंतर आहे.

दुसरं, मला नुसतं ओझं व्हायचं नव्हतं. तिने घंटी माझ्याकडे दिली. हात दाखवायचं कामही माझं, तिला दोन्ही हात हँडलवर लागतात, मला नाही. मागून काय येतंय तेही मी मान न वाकवता छोट्या आरशात बघून सांगतो, "मागून ट्रक", "मागे मोकळं". काम मिळालं तशी भीती कुठे गेली कळलं नाही, कारण लक्ष द्यायला दुसरं काहीतरी होतं. गेल्या रविवारी सेवासीच्या पुढे एका कुत्र्याने पाठलाग केला, मी जोरात ओरडलो "हट!" आणि तिने फक्त "दाब" म्हटलं, आम्ही दोघांनी एकदम दाबलं आणि सायकल अशी सुटली की मी मोठ्याने हसायला लागलो. गरब्यात पुढच्या माणसाची टाळी न बघता आपली टाळी बरोबर पडायला लागते ना, तसं पायांचं झालंय आता. पुढे सेव उसळ खाल्ली, ती मात्र खाली उतरून आणि पाय जमिनीवर ठेवून.

दांडिया_बाजार_पोरगी

भाऊजी, वाचून डोळ्यांत पाणी आलं. आईला वाचून दाखवते.

गोत्री_रोड

मस्त लिहिलंय. आता त्यांनी स्वतः साधी सायकल शिकायची का, की गरज नाही?

ताणलेली_चेन

शिकायची असेल तर ह्यापेक्षा चांगली वेळ नाही, पण टँडमवर बसून तोल येत नाही हे लक्षात ठेवा. पेडल मारणं, रस्ता, वाऱ्याचा अंदाज हे सगळं त्यांना आता आलंय, तोल वेगळा शिकावा लागेल. मोठ्या माणसासाठी सोपी रीत म्हणजे छोट्या सायकलचे पेडल काढून टाकायचे, सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील, आणि पायांनी ढकलत ढकलत जायचं, हळूहळू पाय वर घ्यायचे. मागून सीट धरून पळणारा माणूस लागत नाही. पेडल शेवटी लावायचे.

मागच्या_सीटवरून

सध्या नाही. मला हिच्या मागे बसायचंय, एकट्याने कुठे जायचं नाहीये.

सिंधरोट_सहा_वाजता

उत्तरायणच्या आधी एक गोष्ट सगळ्यांना, टँडम असो वा नसो. डिसेंबर सुरू झाला की पोरं गच्चीवर चढतात, रस्त्यावर पतंगाचा दोरा लोंबायला लागतो. स्कूटरवाले पुढे तारेची कमान लावतात, सायकलला ती नसते. पुढच्या माणसाने मानेभोवती जाड मफलर किंवा कपड्याचा पट्टा घालाच. टँडमवर दोघांचं वजन आणि वेग जास्त, गळ्याला दोरा लागल्यावर साध्या सायकलसारखं झटकन थांबता येत नाही. १४ आणि १५ जानेवारीला तर सायकल बाहेर काढूच नका, आठवडाभर पहाटेच, उजाडायच्या आत परत या.

सकाळची_राईड

हो, ते आम्ही ठरवलंय. त्या दोन दिवशी सायकल घरात.

आता पुढचा प्रश्न घरातूनच आलाय. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला स्वतःची सायकल येते पण तिलाही मागे बसायचंय. तिचे पाय मागच्या पेडलपर्यंत पोचत नाहीत.

मांडवीचा_माणूस

त्यासाठी क्रँक, म्हणजे पेडल ज्या दांड्याला बसतं तो, छोटा करायचे तुकडे मिळतात, मागच्या क्रँकवर आवळायचे, पेडल वर येतं. सीटचा दांडा पूर्ण खाली घाला आणि तरी पाय पोचतो का ते सायकल स्टँडवर उभी करून, तिला बसवून बघा, तळाशी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, टाच ताणावी लागली तर अजून वर्षभर थांबा. तुमच्या मागच्या क्रँकचा फोटो टाका, कुठले तुकडे बसतील ते सांगतो.

सकाळची_राईड

काका, संध्याकाळी फोटो टाकते.